एसजीपीटी उतरला म्हणून हुरळून जाऊ नका

लिव्हरच्या औषधांतली फसवणूक रिपोर्ट दाखवूनच होते. एसजीपीटी म्हणजे लिव्हरच्या पेशींना इजा झाली की रक्तात गळणारं एन्झाइम. आधीच्या कागदावर एसजीपीटी 1400, नंतरच्या कागदावर 90, मधे काढ्याची बाटली. पेशंट पैसे मोजायला तयार!

पण हिपॅटायटिस ए मध्ये हा आकडा बहुतेकांचा काही आठवड्यांत आपसूकच उतरतो. दारू सोडली, वजन घटवलं, तरी उतरतो. श्रेय मात्र बाटलीला. सिरॉसिसमध्ये (लिव्हर व्रणांनी कडक होतं तेव्हा) तर तो मुळातच नॉर्मल असू शकतो. खरी भीती वेगळीच: एसजीपीटी झपाट्याने खाली, पण बिलिरुबिन (काविळीचा पिवळा रंग) आणि आयएनआर (रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचं माप) वर. म्हणजे पेशी एवढ्या मेल्यात की गळायला एन्झाइमच उरलेलं नाही. नेमका हाच रिपोर्ट 'गुण आला' म्हणून दाखवला जातो आणि पेशंट दवाखान्यात उशिरा पोचतो.

दुसरी चलाखी माहितीपत्रकात असते. भुईआवळ्याच्या कॅप्सूलवर 'लॅन्सेटमध्ये सिद्ध'. अभ्यास खरा आहे, 1988 चा. हिपॅटायटिस बी च्या वाहकांना (अंगात विषाणू बाळगणाऱ्यांना) 200 मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा, 30 दिवस. 37 पैकी 22 जणांच्या रक्तातून एचबीएसएजी, म्हणजे त्या विषाणूची खूण, गेलं. नंतरच्या चाचण्यांत तसा गुण दिसला नाही, हे पत्रक सांगत नाही. आणि तीच कॅप्सूल फॅटी लिव्हरवालाही विकत घेतो! सिलिमरिनचंही (मिल्क थिसल या झाडाच्या अर्काचंही) तसंच. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हिपॅटायटिस सी च्या पेशंटना 420 किंवा 700 मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, 24 आठवडे दिलं; प्लासिबोपेक्षा (औषध नसलेल्या दिखाऊ गोळीपेक्षा) एसजीपीटी काही जास्त उतरला नाही.

'झाडपाल्याने अपाय नाही' हेही खोटं. गुळवेलीनंतर ऑटोइम्यून हिपॅटायटिससारखी (शरीराची प्रतिकारशक्ती लिव्हरवरच उलटते तशी) सूज आल्याच्या नोंदी आहेत. काही चूर्णांत गुपचूप स्टेरॉइड घातलेलं असतं. त्याने भूक लागते, तरतरी येते; हिपॅटायटिस बी असेल तर ते अचानक बंद केल्यावर आजार उसळतो.

लिव्हरचं असं कुठलंही औषध घेण्याआधी एचबीएसएजी, अँटी-एचसीव्ही (हिपॅटायटिस सी ची तपासणी), बिलिरुबिन, अल्ब्युमिन (लिव्हर बनवतं ते प्रथिन), आयएनआर करून घ्या. हिपॅटायटिस सी तर गोळ्यांनी साधारण 12 आठवड्यांत बहुतेकांचा पूर्ण बरा होतो. तिथे काढ्यात महिने घालवणं म्हणजे नुसतं नुकसान. हिपॅटायटिस बी च्या चालू गोळ्या 'आता गरज नाही' म्हणून कुणी बंद करायला सांगितल्या तर तिथूनच उठा.

औषध सुरू असताना कावीळ वाढली, झोप उलटी झाली (दिवसा झोप, रात्री जाग), बोलण्यात गोंधळ आला किंवा शौचाला काळी झाली तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. बाटली फेकू नका, लेबलासकट सोबत न्या.