भावनांचा तक्ता की मोज्याची बाहुली? आमच्या घरात दोन्ही करून झालंय

बालवाडीच्या मीटिंगमधनं बाहेर पडलं की हल्ली सगळ्या आईबापांचा एकच विषय, पोरगं चिडलं की आवरत नाही, आणि बाई म्हणतात भावना ओळखायला शिकवा. बरं शिकवा म्हणजे घरी नेमकं आणायचं काय? गेल्या महिनाभरात दोघातिघांनी मला हेच विचारलं, कारण आमचं धाकटं साडेचार वर्षांचं आहे आणि वर्षभरात आम्ही दोन्ही प्रकार करून बसलोय, फ्रिजवर लावायचा चेहऱ्यांचा तक्ता पण आणि हातात घालायची बाहुली पण. मी काय मानसशास्त्र शिकलेला माणूस नाही, सांगलीत विश्रामबागला दुकान आहे माझं, त्यामुळं घरात जे दिसलं तेवढंच लिहितो.

तक्ता कसा असतो ते सांगत बसत नाही, बघितला असेलच. आमचा चार रंगांच्या घरांचा होता, निळं म्हणजे मलूल, हिरवं म्हणजे शांत, पिवळं म्हणजे चुळबुळ सुरू झाली, लाल म्हणजे भडका, आणि जसं वाटतंय त्या घरात आपलं चुंबक लावायचं. ही चार रंगांची कल्पना मूळची अमेरिकेतल्या लीआ कायपर्स या ऑक्युपेशनल थेरपिस्ट बाईंची, 2011 ची, आणि त्यांचं म्हणणं साफ आहे की कुठलाच रंग वाईट नाही, लाल पण नाही. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

पहिले पंधरा दिवस तक्ता भारी चालला, हे कबूल करतो. थोरली तिसरीत आहे, तिला तर तो आवडलाच, शाळेतनं आली की दप्तर टाकायच्या आधी चुंबक निळ्यावर सरकवायची आणि मग आम्हाला कळायचं की आज मैत्रीण बोलली नाही. धाकट्याचं वेगळं. या वयाच्या पोरांना आनंद पटकन ओळखता येतो, राग आणि रडू त्याच्यामागनं, पण भीती आणि आश्चर्य यात घोळ होतो. आमचा दोन्ही चेहऱ्यांवर बोट ठेवून म्हणाला, "दोघांचं तोंड उघडं हाय की पप्पा." आता यावर काय बोलणार.

आणखी एक गोष्ट खटकली. आपल्याकडं पोरगं नुसतं चिडत नाही, ते रुसतं. रुसवा म्हणजे राग पण नाही आणि दुःख पण नाही, त्यात कुणीतरी येऊन समजूत काढावी ही वाट बघणं असतं. तो तक्त्यावर कुठंच नाही. हिरमुसणं नाही, ओशाळणं नाही, ताई शाळेत जाते आणि मी नाही म्हणून पोटात जे होतं तेही नाही. पोरगं चुंबक घेऊन निळ्या आणि लालच्या मधल्या रेघेवर लावायचं, आणि आम्ही म्हणायचो नीट लाव रे एका घरात. चूक आमचीच होती, ते बरोबर लावत होतं.

पण यासाठी मी तक्ता सोडला नसता. सोडला तो पाहुण्यांमुळं.

फ्रिज आमचा हॉलमध्ये, म्हणजे येईल त्याला तक्ता दिसणार. शेजारच्या काकू, दूधवाला, माझी आत्या, सगळ्यांनी तो प्रगतिपुस्तकासारखा वाचायला सुरुवात केली. "आज लाल का रे? शाणा नाहीस होय तू?" आज्जीचं तर हत्यारच झालं ते, जेवत नाहीस ना, थांब लालवर ठेवते. किती वेळा सांगितलं आईला की अगं ती शिक्षा नाही, पण आमच्या तक्त्यावर हिरव्या घरात छापणाऱ्यानंच एक चांदणी काढलेली, मग कोण ऐकतंय. एका रविवारी आत्या येणार होती, आणि त्याच्या आधी दोघा भावंडांची सायकलवरनं मारामारी होऊन धाकटं रडून लाल झालेलं. गेटचा आवाज आला तसं पोरगं उठलं, पाटावर चढलं, नाकातनं पाणी वाहतंय, हुंदका अजून थांबला नाही, आणि चुंबक गपचूप हिरव्यावर नेऊन ठेवलं. मग दाराकडं तोंड करून हसलं.

मला ते बघवलं नाही. ओळखायला शिकवायचं म्हणून तक्ता आणला आणि पोरगं लपवायला शिकलं. दुसऱ्यांच्या घरी असं होत नसेल, फ्रिज स्वयंपाकघरात असेल, आज्जी वेगळी असेल, मी नाही म्हणत नाही.

आता बाहुली. बाहुली म्हणजे काय, माझा एक जुना मोजा, त्याला शर्टची दोन बटणं डोळे म्हणून आणि आत लाल कापडाची जीभ. सौ.नं एका दुपारी शिवून टाकली. नाव पोरानंच ठेवलं, भडंग, म्हणजे आमच्याकडचे तिखट मसाल्याचे चुरमुरे. सांगलीतलं पोरगं, दुसरं काय सुचणार. (विष्णुदास भाव्यांनी नाटकाच्या जोडीला लाकडी बाहुल्या पण केल्या होत्या, पुढं बोलक्या बाहुल्यांवाल्या रामदास पाध्यांनी त्या दुरुस्त करून पुन्हा नाचवल्या, म्हणजे 1843 ला पहिलं मराठी नाटक झालेल्या गावात आमचा मोजा अगदीच उपरा नाही.)

फरक असा पडला की पोरगं स्वतःबद्दल बोलत नव्हतं ते भडंगबद्दल बोलायला लागलं. "तुला काय झालं" विचारलं की गप्प. भडंगला काय झालंय विचारलं की पाच मिनिटं सुरू. भडंगला अंधारात कसंतरी होतं, भडंगला वाटतं पप्पा दीदीलाच जास्त उचलतात. माझ्या तर पोटात गोळाच आला, पण मोजा हातात होता म्हणून मान हलवत राहिलो आणि नंतर भडंगच्याच आवाजात म्हणालो की असं वाटलं की मला रुसावंसं वाटतं. ते म्हणालं, "मला पण."

आणि भडंगमुळंच फुटांचा खेळ सुरू झाला. जुलै-ऑगस्टात सांगलीत सकाळी चहाआधी एकच प्रश्न असतो, आयर्विन पुलाला कृष्णेचं पाणी किती? 40 फूट म्हणजे इशारा, 45 म्हणजे धोका, आणि 2019 ला 57 च्या वर गेलं होतं ते तर लहान पोरांना पण ऐकून ऐकून पाठ आहे. आमच्याला शंभरपर्यंत धड मोजता येत नाही पण 40 आणि 45 माहीत. एकदा भडंगनं विचारलं, "तुझं पाणी किती फुटावर?" पोरगं विचार करून म्हणालं, "30, पण चढालंय." तिथनं पुढं घरात हीच भाषा. 40 झालं की जसं आपण सामान वरच्या मजल्यावर हलवतो तसं त्यानं हातातली वस्तू खाली ठेवायची आणि गॅलरीत जायचं, भडंगच्या तोंडात ओरडलं तरी चालेल, पाय आपटले तरी चालेल, मेणबत्ती विझवल्यासारखी लांब फुंकर मारायची, आज्जी कणकेचा गोळा देते तो मळत बसायचं. मारायचं नाही, चावायचं नाही, फेकायचं नाही. आणि 45 च्या वर गेलं की आम्ही काही शिकवत नाही, नुसतं जवळ बसतो, कारण त्या वेळी पोराच्या डोक्यात एक शब्द शिरत नाही, स्वतःला आवरायचा मेंदूतला भाग मोठ्या माणसाचा तयार व्हायलाच विशी उलटते तर साडेचार वर्षांच्याची काय कथा. शिकवायचं ते पाणी उतरल्यावर.

उशी बडवायला द्या असं पण बरेच जण सांगतात. आम्ही दिली होती. बडवून राग निवत नाही, पेटतो, प्रयोगांत पण तसंच दिसलंय म्हणतात, आमच्याकडं तर उशीनंतर लगेच दीदीचा नंबर लागला.

बाहुलीचा त्रास नाही असं नाही हं. दुकान बंद करून साडेनऊला घरी आल्यावर मोजा हातात घालून आवाज काढायचा म्हणजे जीव जातो, तक्त्याला तसं काही लागत नाही, तो आपला लटकलेला असतो. मोजा कळकट होतो आणि धुवायला टाकला की बोंब, भडंग कुठाय. आणि एकदा पोरानं दीदीला भडंग घातलेल्या हातानं गुद्दा घातला आणि वर म्हणतंय, मी नाही, भडंगनं मारलं. मग भडंगला पण तेच नियम लावावे लागले, त्याला पण गॅलरीत नेऊन बसवला.

पण तक्ता फ्रिजवर आणि राग येतो मारुती चौकात, भाजी घेताना, फुगेवाला दिसल्यावर. तिथं तक्ता काय कामाचा. परवा गणपती पेठेत गर्दीत माझा हात ओढून म्हणालं, "पप्पा, 40 झालंय." मी खरेदी टाकून बाजूला घेतलं. रडला नाही असं नाही, रडलाच, पण लोळण घेतली नाही.

तुमचं मूल कमी बोलत असेल किंवा चित्रानंच त्याला पटकन कळत असेल तर तक्ता आधी आणा, ऑटिझम असलेल्या मुलांना चित्रांचा आधार चांगला होतो हे मी पण ऐकून आणि बघून आहे. शाळेतल्या बाईंना तीस पोरांत मोजे घालून फिरता येणार नाही, तिथं पण तक्ताच बरा. सहा-सातच्या पुढच्या मुलांना बहुतेक बाहुली बाळबोध वाटेल, आमची थोरली तर भडंगकडं बघून डोळे फिरवते. आणि तक्ता आणलाच तर झोपायच्या खोलीत, दाराच्या आतल्या बाजूला लावा, चांदणी असेल तर त्यावर स्टिकर चिकटवा, आणि स्वतःचं पण एक चुंबक ठेवा, पोरांना फार मजा येते बापाचं लालवर बघायला.

आमचा तक्ता आता थोरलीच्या कपाटाच्या आत गेलाय. चुंबकं फ्रिजवरच आहेत, लाईटबिल आणि दुधाचा हिशोब लावायला.