१८९६ सालचे डिनर रोल: बोस्टनच्या एका जुन्या पाककृतीचे परीक्षण

मऊ डिनर रोलची पाककृती इंटरनेटवर शोधायला गेले की एकच पदार्थ निरनिराळ्या वेशांत समोर येत राहतो: अंडे, दूध पावडर, भरपूर बटर, भरपूर साखर आणि वरून पुन्हा मध घातलेल्या बटरचा हात. हे रोल वाईट लागतात असे नाही. पण त्यांची गोडी आणि तूपकटपणा सूपाच्या किंवा रश्श्याच्या आड येतो आणि शेवटी ते चहाबरोबरच संपतात. जेवणात बुडवून खाता येईल असा साधा आणि तरीही मऊसूत रोल हवा असेल, तर फॅनी फार्मर यांनी १८९६ साली बोस्टनमध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘द बोस्टन कुकिंग-स्कूल कुक बुक’कडे वळावे, असे माझे मत आहे. या पुस्तकाच्या स्वामित्वहक्काची मुदत केव्हाच संपली असल्यामुळे जुन्या आवृत्तीची छायाप्रत इंटरनेटवर विनामूल्य वाचता येते. पाककृती सापडते ती ब्रेडच्या प्रकरणात, आणि तिथे ती एक नसून दोन आहेत. परीक्षण मुख्यतः त्यांतल्या दुसरीचे आहे.

पहिली सर्वांच्या ओळखीची आहे. हार्वी पार्कर यांनी १८५५ साली बोस्टनच्या स्कूल स्ट्रीटवर सुरू केलेले ‘पार्कर हाउस’ हे हॉटेल घडी घातलेल्या रोलसाठी प्रसिद्ध झाले आणि १८७०च्या दशकापासून त्या रोलच्या कृती अमेरिकेतील पाकपुस्तकांत छापून येऊ लागल्या. चिडलेल्या बेकरने कणकेचे गोळे रागाने भट्टीत भिरकावले आणि त्यातून हा आकार जन्माला आला, ही कथा सर्वत्र सांगितली जाते. ती ऐकायला छान आहे, पण घडीच्या आत अर्ध्याच भागाला नेटका बटरचा हात फिरवलेला पाहिला की रागाच्या भरात एवढी शिस्त कोण पाळतो, असा प्रश्न पडतो. फार्मरबाईंच्या पुस्तकात मात्र अशा कथांना जागा नाही. पेला आणि चमचा काठोकाठ सपाट करूनच मोजावा हा आग्रह त्यांनी आयुष्यभर धरला, आणि सव्वाशेहून अधिक वर्षांनी पुण्याच्या किंवा कोल्हापूरच्या ओट्यावरही ही कृती जमते, याचे बरेचसे श्रेय त्या आग्रहाला द्यावे लागेल.

साहित्य असे: तापवलेले दूध २ कप, बटर ३ मोठे चमचे, साखर २ मोठे चमचे, मीठ १ लहान चमचा, पाव कप कोमट पाण्यात विरघळवलेली यीस्टची एक वडी आणि मैदा. अमेरिकन कप सुमारे २४० मिलिलीटरचा असतो. यीस्टच्या ओल्या वडीऐवजी आपल्याकडे सहज मिळणारे कोरडे इन्स्टंट यीस्ट ७ ग्रॅम पुरते, आणि उन्हाळ्यात ४ ग्रॅमसुद्धा. अंडे नाही, दूध पावडर नाही. घरगुती ओटीजीसाठी (म्हणजे छोट्या विजेच्या ओव्हनसाठी) हे प्रमाण निम्मे करावे. त्यात सुमारे ५० ग्रॅमचे बारा-तेरा रोल होतात आणि ते एकाच चौकोनी टिनमध्ये मावतात.

दूध आधी तापवायला सांगितले आहे, ते आजच्या पाश्चात्त्य वाचकाला जुनाट सोपस्कार वाटते आणि बरेच जण ती पायरी गाळतात. वास्तविक दुधाच्या निवळीतील काही प्रथिने कच्च्या स्वरूपात पिठाच्या चिवटपणाला मारक ठरतात आणि ब्रेड नीट फुगू देत नाहीत. दूध उकळीच्या जवळ नेले की ही प्रथिने आपला आकार सोडतात आणि त्यांचा त्रास कमी होतो. पाश्चरीकरणात दूध काही सेकंदच तापते, तेवढ्याने हे काम पूर्ण होत नाही. आपल्या घरात मात्र पिशवीतले दूध सकाळी आपसूकच उकळले जाते, त्यामुळे या कृतीची पहिली पायरी मराठी स्वयंपाकघरात काहीही न करता पार पडलेली असते. साय तेवढी बाजूला काढावी आणि दूध बोटाला सोसेल इतके कोमट झाल्यावरच यीस्ट घालावे.

यानंतरची पायरी मला या कृतीचा खरा कणा वाटते. मैदा एकदम घालायचा नाही. आधी फक्त ३ कप मैदा घालून पातळसर, भज्यांच्या पिठापेक्षा थोडे दाट असे मिश्रण चांगले फेटायचे, झाकून फुगू द्यायचे, आणि वर बुडबुडे येऊन ते हलके झाले की उरलेला, अंदाजे अडीच कप, मैदा घालून मळायचे. सैल पिठात यीस्ट जोमाने वाढते आणि मैद्याला दूध मुरायला सवड मिळते. त्यामुळे नंतर मळण्याचे श्रम कमी होतात आणि आतली जाळी बारीक, सारखी येते. या टप्प्यावर हात आवरणे मात्र आवश्यक आहे. साडेपाच कप म्हणजे सुमारे ६६० ग्रॅम मैद्याला सव्वादोन कप द्रव हे प्रमाण सैलच आहे, आणि आपला मैदा अमेरिकन मैद्याइतका द्रव ओढेलच असे नाही. पीठ हाताला चिकटू लागले की पोळीच्या कणकेची सवय असलेला हात लगेच डब्याकडे जातो. दोन-तीन मुठी मैदा जास्त पडला की रोल मऊ राहत नाहीत. त्याऐवजी हाताला किंचित बटर लावून मळावे किंवा पीठ दहा मिनिटे झाकून ठेवून मग पुन्हा हातात घ्यावे.

पार्कर हाउसच्या रीतीत हे पीठ दुसऱ्यांदा फुगल्यावर साधारण ८ मिलिमीटर जाडीचे लाटतात, गोल कापतात, सुरीच्या मुठीने मधोमध खाच पाडतात, अर्ध्या भागाला बटर लावून घडी घालतात आणि एक-एक इंच अंतर सोडून भाजतात. दिसायला हे रोल देखणे असतात. पण सुटे भाजल्यामुळे त्यांना चहूबाजूंनी कड येते, आणि पीठ घाईने फुगवले तर आकार बिघडतो, अशी ताकीद मूळ कृतीतच दिलेली आहे. आपल्या एप्रिल-मे महिन्यांत पीठ घाईनेच फुगते. त्या दिवसांत ही रीत नीट साधत नाही, असा माझा अनुभव आहे.

तिच्या खाली, जेमतेम चार ओळींत, ‘सॅलड किंवा डिनर रोल’ ही कृती दिलेली आहे. साहित्य तेच, फक्त बटर ३ ऐवजी ४ मोठे चमचे, म्हणजे पाव कप. पीठ लाटून चपटे करण्याऐवजी लहान गोळे करायचे, ते फुगले की लाकडी चमच्याच्या पीठ लावलेल्या दांड्याने मधोमध खोल खाच पाडायची, कडा जुळवून दाबायच्या आणि बटर लावलेल्या टिनमध्ये ते एकमेकांना खेटून मांडायचे. पुन्हा फुगू द्यायचे आणि कडक भट्टीत १२ ते १५ मिनिटे भाजायचे. बदल एवढाच, पण मऊपणात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. खेटून बसलेल्या रोलना बाजूची कड येतच नाही. वरचा भाग तांबूस होतो आणि उलगडून वेगळा केलेला प्रत्येक रोल बाजूंनी पांढरा, तंतू सुटलेला निघतो. लादीतून पाव तोडताना जे दिसते तेच इथे दिसते. फरक असा की बेकरीच्या नेहमीच्या लादी पावात दूध-बटर नसल्यामुळे तो दुसऱ्या दिवशी सकाळी कोरडा पडू लागतो, आणि हे रोल झाकून ठेवले तर दुसऱ्या रात्रीपर्यंत चांगले राहतात.

चवीबद्दल थोडे. साखर इतकी कमी आहे की रोल गोड लागत नाही, केवळ वरचा रंग छान येतो. मीठ मला कमी वाटते. एवढ्या मैद्याला एक लहान चमचा म्हणजे जेमतेम एक टक्का. अमूलसारखे खारे बटर वापरले तर ही उणीव काही अंशी आपोआप भरून निघते, आणि बिनमिठाचे बटर असेल तर अर्धा चमचा मीठ वाढवावे. टोमॅटोचे सार, मटणाचा पातळ रस्सा किंवा नुसते सूप यांच्याबरोबर हा रोल उत्तम जातो, कारण तो रस शोषतो पण लगेच विरघळत नाही. वडापावासाठी मात्र तो वापरू नये. बटरमुळे तो अधिकच नाजूक असतो, आणि मधल्या खाचेमुळे वडा ठेवायला हवा तिथे न उघडता भलतीकडेच उघडतो.

कृतीतील दोष आजच्या वाचकाच्या दृष्टीने सांगायला हवेत. ‘कडक भट्टी’ म्हणजे किती अंश, हे लिहिलेले नाही. त्या काळी घरोघरी कोळशाच्या किंवा लाकडाच्या शेगड्या होत्या, त्यामुळे ते स्वाभाविकच आहे. ओटीजी २०० अंश सेल्सिअसला पंधरा मिनिटे आधी तापवून ठेवावा आणि टिन मधल्या कप्प्यात ठेवावा. लहान ओटीजीत वरची कांडी जवळ असल्याने रोल दहाव्या मिनिटालाच लाल होतात आणि आतून कच्चे राहतात. तेव्हा वर फॉइल टाकून आणखी पाच-सहा मिनिटे द्यावीत. ‘हलके होईपर्यंत फुगू द्यावे’ ही सूचनाही नवख्याला अपुरी आहे. पीठ बोटाच्या टोकाने हलकेच दाबले असता खळगा सावकाश भरून आला पाहिजे. झटकन भरला तर थांबावे, अजिबात भरला नाही तर वेळ निघून गेलेली आहे. आणि रोल बाहेर काढल्यावर त्यांना बटर लावा असे मूळ कृती कुठेच म्हणत नाही, पण गरम असतानाच एकदा हात फिरवला तर वरची साल नरम पडते, म्हणून हा एक बदल मी निःसंकोच सुचवते.

ज्यांच्याकडे अर्धा दिवस मोकळा आहे आणि ओटीजी आहे, त्यांनी ही कृती जरूर करावी. फुगण्याचे चारही टप्पे धरून हिवाळ्यात चार तास सहज जातात. तेवढा वेळ नसेल तर गोळे करून टिनमध्ये खेटून मांडावेत, घट्ट झाकून रात्री फ्रिजमध्ये ठेवावेत आणि दुसऱ्या दिवशी जेवणाच्या दीड-दोन तास आधी बाहेर काढून, फुगल्यावर भाजावेत. चवीत त्यामुळे काही उणे होत नाही. उलट सावकाश फुगलेल्या पिठाचा वास अधिक छान येतो.