क्योटोतला किमोनोसकट चहा की उजीतलं पालिकेचं चहाघर?

क्योटोला निघालेल्या ओळखीच्या मंडळींचा एक प्रश्न आता ठरलेला असतो. चहाचा विधी अनुभवायचाच आहे, पण वेळ अर्ध्या दिवसाचाच आहे, मग तो कुठे घालवावा? आधी गोड खायचं आणि मग माचा, म्हणजे हिरव्या चहाच्या पुडीचा चहा प्यायचा, वाडगा हातात फिरवून घ्यायचा, तातामी या जाड चटईवर बसायचं, एवढं तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालतो. मी दोन्हीकडे बसलो आहे, त्यामुळे जे वाटलं ते सांगतो. पटेल ते घ्या.

आधी दोन गोष्टी बाजूला काढू. देवळांच्या बागांमध्ये मिळणारा माचा सुंदरच असतो. क्योटोच्या उत्तरेला ओहाराच्या होसेन-इनमध्ये तर तिकिटातच चहा आणि गोड येतं, टोकियोजवळच्या कामाकुराच्या होकोकुजीत बांबूच्या बनासमोर बसून पिता येतो. पण तिथे चहा आतून तयार होऊन येतो. तुमच्यासमोर कोणी तो करत नाही, म्हणून या तुलनेत तो धरत नाही. दुसरं टोक म्हणजे चाजी, जेवणासकट चालणारा चारेक तासांचा पूर्ण सोहळा. त्याला आमंत्रण लागतं, गुडघ्यांना सराव लागतो, आणि त्यातल्या काइसेकी जेवणाच्या रश्शात बहुतेक वेळा सुक्या बोनितो माशाचा अर्क असतो. शाकाहारी प्रवाशाने त्याच्या वाटेला न गेलेलंच बरं.

मग उरतात दोन पर्याय. एक, क्योटोत हिगाशियामा-गिओनच्या गल्ल्यांमध्ये प्रवाशांसाठी चालणारा तासाभराचा कार्यक्रम, हवा तर किमोनो नेसून. दुसरा, रेल्वेने वीस-पंचवीस मिनिटांवरच्या उजी गावात जाऊन तिथल्या पालिकेच्या 'ताइहोआन' या चहाघरात बसणं.

क्योटोतला कार्यक्रम वाईट नाही, हे आधीच सांगतो. जपानी न येणाऱ्या माणसाला तिथे सगळं इंग्रजीत समजतं. भिंतीच्या कोनाड्यात ते एकच उभं चित्राक्षर का टांगलंय, फुलदाणीत एकच फूल का, आत यायचं दार गुडघ्यावर सरकत यावं लागेल इतकं बुटकं का, ही उत्तरं तुम्हाला दुसरीकडे कोणी बसून देणार नाही. शिवाय बहुतेक ठिकाणी शेवटी तुमच्या हातात चासेन ही बांबूची रवी देतात. दोनेक ग्रॅम पावडर, त्यावर थोडं गरम पाणी, आणि मनगट सैल ठेवून रवी पुढे-मागे भरभर हलवायची. गोल फिरवली की फेस येत नाही. हे हाताने करून पाहिल्यावर समोर चहा करणाऱ्या बाईंचं कौशल्य किती आहे ते कळतं. मुलं बरोबर असतील तर हा भाग त्यांना सगळ्यात जास्त आवडतो.

आणि 'प्रवाशांसाठी केलेलं म्हणजे नकली' असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. 1872 साली क्योटोत प्रदर्शन भरलं तेव्हा परदेशी पाहुण्यांना खाली बसणं जमणार नाही म्हणून उरासेंके या चहाच्या घराण्याच्या अकराव्या प्रमुखांनी, गेनगेनसाइ यांनी, टेबल-खुर्चीवर बसून चहा करायची पद्धत बसवली. ती आज त्या परंपरेचाच एक मान्य भाग आहे. पाहुण्यासाठी जुळवून घेणं हे या कलेच्या रक्तातच आहे.

तरीही माझं मन क्योटोतल्या त्या खोलीतून उठलं ते एका गोष्टीमुळे. ती म्हणजे बोलणं.

चहा करण्याच्या क्रमाला तेमाए म्हणतात. बाई कमरेच्या पट्ट्यातला रेशमी रुमाल काढतात, त्याची घडी घालतात, चहाची डबी पुसतात, बांबूचा चिमुकला चमचा पुसतात. दोन्ही आधीच स्वच्छ असतात. पण ते तुमच्यादेखत पुन्हा स्वच्छ करण्यात खरा अर्थ असतो, आणि हाताची प्रत्येक हालचाल पुढच्या हालचालीत मिसळत जाते. मी गेलो होतो तिथे प्रत्येक पायरीला हात थांबत होते. रुमाल अर्धा दुमडलेला, आणि रुमालाबद्दल माहिती सुरू. मग एक फोटो. चमचा उचलला, चमच्याबद्दल माहिती. मग पुन्हा एक फोटो, या वेळी सगळ्यांनी आपापले मोबाइल काढून. माहिती चुकीची नव्हती, बाईंचा सूरही आर्जवी होता. त्या मनापासून समजावत होत्या, याबद्दल मला शंका नाही. पण गाणं दर दोन ओळींनी थांबवून कोणी त्याचा अर्थ सांगू लागलं तर चाल कानात बसणार कशी?

सगळ्यात जास्त खटकलं ते पाण्याच्या बाबतीत. कामा या पाणी तापवायच्या लोखंडी भांड्याच्या बुडाला बऱ्याचदा आतून लोखंडाचे छोटे तुकडे चिकटवलेले असतात. पाणी तापू लागलं की त्यांच्यामुळे भांडं गुणगुणतं. म्हणजे तो आवाज आपोआप आलेला नाही, कोणीतरी भांडं घडवतानाच तो पाहुण्यांसाठी योजून ठेवलेला आहे. तेमाए संपत आलं की बांबूच्या पळीने थंड पाण्याची एक पळी त्यात घालतात आणि गुणगुण एकदम थांबते. मग हळूहळू पुन्हा सुरू होते. क्योटोत त्याच क्षणी आम्हाला विचारलं गेलं की ग्रुप फोटो दाराजवळ काढायचा की बागेत. भांडं गुणगुणतं हे मला तिथे कळलंच नाही. कळलं ते उजीत.

उजी हे चहाचंच गाव. स्टेशनवरून निघालं की रस्त्यावर भाजलेल्या चहाचा वास येतो. ब्योदोइन मंदिराचा 1053 सालचा फिनिक्स मंडप, जो दहा येनच्या नाण्यावर आहे, तो बघायला लोक येतातच. त्याच्या जवळ, नदीच्या काठाला, पर्यटन केंद्राला लागून ताइहोआन आहे. तिकीट त्या केंद्रातच काढायचं. क्योटोतल्या कार्यक्रमाला किमोनो न धरताही काही हजार येन सहज लागतात, इथे त्याच्या मानाने फारच कमी. तरी पैशांमुळे निवड करा असं मी म्हणणार नाही. इतक्या लांब आल्यावर एवढ्या फरकाने काही बिघडत नाही.

इथे चहा करणारी मंडळी चहाच्या वेगवेगळ्या घराण्यांची असतात, आणि ती आळीपाळीने येतात. त्यामुळे आज वाडग्यात भरपूर फेस, तर दुसऱ्या वेळी कमी फेस आणि एका भागात फेसाविना चहा, असा फरक दिसू शकतो. उरासेंकेवाले फेस जास्त काढतात, ओमोतेसेंकेवाले कमी. समजावणं जवळपास नाहीच. इंग्रजीची फार अपेक्षा ठेवू नका. मी गेलो तेव्हा खोलीत मोजकेच लोक होते, आणि बाईंनी सुरुवात केल्यापासून संपेपर्यंत हात एकदाही थांबला नाही. पाणी ओतल्याचा आवाज, रवीचा आवाज, आणि मधे ते गुणगुणणं. सगळं मिळून अर्धा तासही नसेल. पण त्या अर्ध्या तासात कोणीतरी फक्त आपल्यासाठी चहा करतंय, हे क्योटोतल्या तासाभरापेक्षा मला कितीतरी जास्त जाणवलं.

अर्थात हा माझा अनुभव. तुमच्या वाट्याला क्योटोत कमी बोलणाऱ्या बाई येतील आणि उजीत शेजारी गलका करणारी मंडळी येतील, असंही होऊ शकतं.

न समजण्याची भीती वाटत असेल तर एक उपाय सांगतो. कोनाड्याला सगळ्यात जवळची जागा घेऊ नका. ती मुख्य पाहुण्याची असते. यजमानाशी बोलणं, वाडग्याबद्दल, गोडाबद्दल विचारणं त्याच्याकडे येतं. दुसऱ्या-तिसऱ्या जागेवर बसा आणि शेजारची व्यक्ती करते तसं करत जा. चहा येण्याआधी गोड संपवा. वाडगा उजव्या हाताने उचलून डाव्या तळव्यावर घ्या, दर्शनी बाजू आपल्याकडून बाजूला जाईल इतका फिरवा, शेवटचा घोट थोडा आवाज करून घ्या. पिऊन झाल्यावर वाडगा खाली वाकून, कोपरं मांडीवर टेकवून बघायचा असतो. उंच धरून बघायचा नाही, हातातून सुटला तर पडू नये म्हणून.

बसण्याचा प्रश्न दोन्हीकडे सारखाच. सेइझा म्हणजे आपलं वज्रासन, आणि रोज योगासनं करणाऱ्यालाही तातामीवर पंधरा-वीस मिनिटांनी पायाला मुंग्या येतात. 'आरामात बसा' असं बहुधा सांगतातच, मग पुरुषांनी मांडी घालायला हरकत नसते. क्योटोत मात्र बायकांनी किमोनो भाड्याने घेतला असेल तर मांडी घालता येत नाही. शिवाय पोटावर घट्ट आवळलेल्या ओबीमुळे, म्हणजे कमरेच्या पट्ट्यामुळे, वाकून नमस्कार करताना श्वास कोंडतो. आई-वडील किंवा सासू-सासरे बरोबर असतील, गुडघे दुखत असतील, तर कुठेही जाण्याआधी स्टूल किंवा खुर्ची मिळेल का हे विचारून घ्या. टेबलवरचा चहाच हवा असेल तर ओसाकाजवळच्या साकाइ या गावी, म्हणजे चहाच्या विधीला रूप देणाऱ्या सेन नो रिक्यूच्या जन्मगावी, 'साकाइ रिशो नो मोरी' या संग्रहालयात खुर्चीवर बसून चहा घेता येतो, तोही चांगला मार्ग आहे.

खाण्याच्या बाबतीत आपल्याकडच्या लोकांनी फार काळजी करू नये. गोड बहुतेक वेळा लाल किंवा पांढऱ्या घेवड्यासारख्या कडधान्याच्या पुरणाचं, तांदळाच्या पिठाचं आणि साखरेचं असतं. जैन मंडळींनी मात्र विचारावं, कारण काही प्रकारांत यामाइमो या जपानी कंदाचा वापर असतो. पांढरे मोजे बरोबर ठेवा. अंगठ्या, घड्याळ, बांगड्या आत जाण्याआधी काढून ठेवा, जुन्या वाडग्यांना ओरखडे पडतात. त्या दिवशी अत्तरही नको.

मग कोणी कुठे जावं? बरोबर मुलं आहेत, किमोनोतले फोटो हवे आहेत, आयुष्यात पहिल्यांदाच जपानला आलात आणि सगळ्याची माहितीही हवी आहे, तर क्योटो. त्यात कमीपणा काही नाही. पण एकटे किंवा दोघं असाल, थोडं वाचून आला असाल, आणि सकाळचे दोन-तीन तास मोकळे असतील, तर मी उजीची गाडी पकडेन. शक्यतो सकाळी लवकर, मंदिर बघायच्या आधी. दुपारी सहलींच्या बस येतात. हिवाळ्यात जमत असेल तर जास्तच चांगलं. नोव्हेंबर ते एप्रिल जमिनीत खोदलेली चूल वापरतात, तिच्यामुळे ते भांडं पाहुण्यांच्या अधिक जवळ येतं.

क्योटोतच बुकिंग करायचं ठरलं, तर त्यांना आधी एक ईमेल टाका आणि एवढंच विचारा: एक पूर्ण तेमाए मध्ये न थांबता दाखवता का, आणि माहिती त्याच्या आधी किंवा नंतर सांगता का? काही जण तसं करतात. त्यांनी 'हो' म्हटलं तर बिनधास्त जा.