विम्याचा सर्व्हे आणि खरेदीपूर्व सर्व्हे

जुनी नौका विकणारा बहुधा विमा कंपनीसाठी झालेला सर्व्हे अहवाल पुढे करतो, आणि हर्णै-दाभोळ पट्ट्यातले काही खरेदीदार तेवढ्यावरच व्यवहार पक्का करतात. वास्तविक हे दोन सर्व्हे एक नव्हेत. विम्याच्या सर्व्हेत नौकेची सर्वसाधारण स्थिती आणि बाजारभाव पाहिला जातो, कारण कंपनीला आपली जोखीम जोखायची असते. खरेदीपूर्व सर्व्हेअर तुम्ही नेमलेला असतो, म्हणून तो नौका पाण्याबाहेर काढायला लावतो, फायबरच्या तळावर लहान हातोडीने ठोकत पुढे सरकतो आणि खणखणीत आवाजाऐवजी बद्द आवाज आला, की थर सुटल्याच्या संशयाने तिथे खडूची खूण करतो. लाकडी नौकेत तो पठाणाजवळच्या (नौकेच्या तळाच्या कण्याजवळच्या) फळ्यांत टोच्या खुपसून पाहतो, कारण किड्याने आतून पोखरलेली फळी वरून धडधाकटच दिसते. इंजिनाची तपासणी बहुधा वेगळी करून घ्यावी लागते.

यात खर्च वाढतो, हे खरे. मात्र १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीत बहुतेक नौका किनाऱ्यावर ओढून शाकारलेल्याच (पावसासाठी झाकून ठेवलेल्याच) असतात, त्यामुळे वर ओढण्याचा खर्च वाचतो. समुद्रातली चाचणी तेवढी ऑगस्टवर ढकलावी लागते, आणि तोवर पूर्ण रक्कम देऊ नये असे माझे मत आहे.