बिअरच्या बाटल्यांची लेबलं: परकार्बोनेट की अमोनिया?

घरी बिअर बनवणाऱ्या माणसाला रिकाम्या बाटल्या विकत घेणं जिवावर येतं. ब्रिटनमध्ये तर जास्तच, कारण सुपरमार्केटमधली बरीचशी एल, म्हणजे इथली पारंपरिक बिअर, अर्ध्या लिटरच्या जाड तपकिरी बाटलीतच येते आणि तिला क्राउन कॅप, म्हणजे पत्र्याचं दातेरी झाकण, चपखल बसते. घरी बिअर बनवायच्या तयार सामानाचं ४० पाइंटांचं एक किट म्हणजे साधारण २३ लिटर, म्हणजे पंचेचाळीसेक बाटल्या. स्वतः पिऊन आणि मित्रमंडळींना गळ घालून तेवढ्या जमतात. अडतं ते लेबलांपाशी.

लेबलं काढलीच पाहिजेत असं काही नाही. आतल्या बिअरला त्याने फरक पडत नाही. पण कपाटात पोर्टर (काळपट बिअर), बिटर (कडवट बिअर) आणि आल्याची बिअर शेजारीशेजारी ठेवली आणि तिन्हींवर कुठल्यातरी चौथ्याच कंपनीचं नाव असलं, की काय उघडतोय ते कळत नाही. शिवाय बाटली कुणाला भेट द्यायची, तर ती निदान आपली वाटावी.

साध्या पाण्याचा पर्याय आधी बाजूला काढतो. रात्रभर गार पाण्यात बाटल्या बुडवून सकाळी लेबलं तरंगताना सापडली, तर ते नशीब समजा. बिअरच्या कागदी लेबलांना परंपरेने दुधातल्या केसीनपासून केलेला डिंक लावतात, आणि तो मुद्दाम असा घडवलेला असतो की बर्फाच्या बादलीत बाटली तासभर उभी राहिली तरी लेबल सरकू नये. म्हणजे गार पाण्याला दाद न देणं हेच त्याचं काम. मात्र अल्कली (आम्लाच्या उलट, सोड्यासारखं द्रव्य) लागली की तो सुटतो, आणि हेही मुद्दामच: कारखान्यात परत आलेल्या बाटल्या गरम कॉस्टिक सोड्याने धुतात, तेव्हा लेबल निघून यावं म्हणून. जर्मनीत बाटलीमागे आठ सेंट अनामत ठेवून त्याच बाटल्या पुन्हा पुन्हा भरतात. आपल्याकडे भंगारवाल्याकडे गेलेली बिअरची बाटलीही बहुतेक अशीच धुऊन परत भरली जाते. जर्मन गव्हाच्या बिअरच्या बाटल्या मी आनंदाने गोळा करतो त्या म्हणूनच. त्यांची लेबलं जवळजवळ स्वतःहून उतरतात.

तेव्हा अल्कली लागणारच. प्रश्न कुठल्या अल्कलीचा, एवढाच. कॉस्टिकचं नाव घरात काढू नये. धुण्याचा सोडा, जो इथे सोडा क्रिस्टल्स म्हणून अगदी स्वस्तात मिळतो, तो चालतो. पण त्याचं चुलतभावंड सोडियम परकार्बोनेट त्याच्यापेक्षा सरस आहे, म्हणून सोड्याचा वेगळा विचार करत नाही. खरा सामना परकार्बोनेट आणि अमोनिया यांच्यात.

परकार्बोनेटच्या बाजूने बोलण्यासारखं पुष्कळ आहे. धुण्याचा सोडा आणि हायड्रोजन पेरॉक्साइड एका दाण्यात बांधलेले, बिनवासाची पावडर घ्यायची. पाणी हाताला सोसेल त्याहून थोडं जास्त गरम, लिटरला चार-पाच ग्रॅम, आणि टबावर झाकण घट्ट लावायचं नाही, कारण त्यातून ऑक्सिजन सुटत असतो. अर्ध्या-पाऊण तासात कागद लोंबायला लागतो. त्याहून मोठा फायदा आतला: तळाशी वाळून बसलेलं यीस्ट, मानेतली बुरशी, सगळं पेरॉक्साइड उकलून काढतं. लेबल आणि आतली सफाई एकाच पाण्यात. ग्लासगोला राहणारा माझा मित्र रात्री बाटल्या त्यात बुडवतो, सकाळी विसळतो, आणि त्याच्या बाटल्या दुकानातून आणल्यासारख्या दिसतात. अमोनियाचं नाव काढलं की तो नाक मुरडतो. त्याच्या जागी मीही तेच केलं असतं.

पण मी लंडनमध्ये राहतो. इथलं बरंचसं पाणी खडूच्या खडकातून झिरपून येतं आणि किटलीच्या तळाशी सारखा क्षार धरत राहतो. ग्लासगोला लॉख कॅट्रिन या सरोवराचं पाणी, जवळजवळ पावसाच्या पाण्याइतकं मऊ. परकार्बोनेटमधला कार्बोनेट इथल्या पाण्यातल्या कॅल्शियमला भेटला, की दोघांचा मिळून खडू होतो आणि तो काचेवर बसतो. गावाकडे बोअरच्या पाण्याने स्टीलची बादली पांढरी पडते ना, अगदी तसं पुट, फक्त बाटलीला आतून आणि बाहेरून.

वैताग येतो तो या पुटाच्या लबाडीचा. बाटली ओली असताना ते दिसतच नाही. लेबल निघालं, डिंक गेला, विसळून झालं, बाटल्या रॅकवर उपड्या घातल्या, सगळं छान. दुसऱ्या दिवशी सुकल्यावर बघावं तर एकजात सगळ्यांवर पांढरट धुरकट पडदा. बोट फिरवलं की खरखर लागते. साबणाने जात नाही, ब्रशने आतलं तर अजिबात जात नाही. मग सायट्रिक ॲसिडचं किंवा व्हिनेगरचं पाणी करायचं, प्रत्येक बाटलीत ओतायचं, हलवायचं, पुन्हा विसळायचं. पुट लगेच विरघळतं, हे मान्य. पण एका पाण्यात काम होतं म्हणून जी पावडर आणली, तिने तीन पाणी करायला लावले. आरोग्याला त्याचा काही धोका नाही, चवीलाही नसावा; पण भेट दिलेल्या बाटलीत पांढरे डाग बघून समोरचा माणूस "धुतली होतीस ना?" असं विचारतो, तेव्हा त्याला रसायनशास्त्र समजावून सांगत बसता येत नाही.

गंमत अशी, की याच कार्बोनेटी पाण्याने लंडनला पोर्टरचं गाव केलं. काळपट भाजलेल्या माल्टचा (मोड आणलेल्या सातूचा) आंबटपणा हे पाणी छान सावरून घेतं. पातेल्यात ज्याचं कौतुक करतो, तेच बाटलीवर नकोसं होतं.

उपाय आहेत. टब भरल्यावर तासाभरातच बाटल्या काढायच्या, रात्रभर ठेवायच्याच नाहीत, म्हणजे पुट बरंच कमी धरतं. मात्र हट्टी लेबलांना तासभर पुरत नाही. पीबीडब्ल्यू नावाची ब्रुअरीवाल्यांची पावडर आहे. तिच्यात परकार्बोनेटच्या जोडीला सिलिकेट आणि कॅल्शियमला धरून ठेवणारी द्रव्यं असतात, त्यामुळे कठीण, म्हणजे क्षारांच्या पाण्यातही काच स्वच्छ राहते. वापरून पाहिली, तक्रार नाही. फक्त बिअर आंबवायचा पिंपभर फर्मेंटर धुवायला जी चीज घ्यायची, ती फुकटच्या बाटल्यांच्या लेबलांवर उधळताना हात आखडतो.

आता अमोनिया. हार्डवेअरच्या दुकानात घरगुती अमोनिया बाटलीत मिळतो, बहुधा साडेनऊ टक्क्यांचा. वीस लिटर पाण्याला पाव लिटरच्या आत पुरतो. आणि पाणी गारच घ्यायचं, कारण गरम पाण्यात वायू भराभर उडून जातो, तुमच्या नाकातून. गॅसचं बिल वाचतं हा वरचा फायदा. माझ्या अनुभवात दोन-तीन तासांत साधी कागदी लेबलं सुटी होतात, आणि डिंकही कागदाबरोबर जातो. परकार्बोनेटमध्ये कधीकधी कागद निघतो पण डिंकाचा एक बुळबुळीत पट्टा मागे राहतो, तो वाळल्यावर चिकट होतो आणि मग काथ्या घेऊन बसावं लागतं. अमोनियात तसं क्वचितच होतं. चांदीसारखी चमकणारी लेबलं तिथेही वेळ खातात. त्यांच्यावर आधी सुरीने चरे ओढले की पाणी आत शिरतं.

मुख्य म्हणजे सुकल्यावर काच पारदर्शक राहते. अमोनियाच्या पाण्यातही थोडासा क्षार बसत असेल कदाचित, मी काही सूक्ष्मदर्शक लावलेला नाही, पण डोळ्यांना दिसत नाही आणि बोटाला लागत नाही.

वासाबद्दल खोटं बोलण्यात अर्थ नाही. वाईट आहे. स्वयंपाकघरात हा टब मांडला तर घरातली माणसं तुम्हालाच बाहेर ठेवतील, आणि त्यांचं बरोबर असेल. हे काम परसात किंवा शेडमध्ये, उघड्यावर, हातमोजे घालून करायचं. आणि एक गोष्ट काटेकोरपणे पाळायची: क्लोरीन असलेलं काहीही, ब्लीच असो की बाटल्या निर्जंतुक करायची क्लोरीनची पावडर, अमोनियाच्या जवळपास येऊ द्यायचं नाही. दोन्ही मिसळले की क्लोरामाइनचा विषारी वायू होतो. अमोनियातून काढलेल्या बाटल्या भरपूर पाण्याने विसळा, आणि निर्जंतुकीकरण वेगळ्या दिवशी ठेवा. एवढी शिस्त जमणार नसेल, तर हा मार्ग तुमचा नाही.

आतली सफाई अमोनिया करत नाही, हा आक्षेपही खरा आहे. पण बिअर ग्लासात ओतल्याबरोबर बाटली तीनदा विसळून उपडी घातली, तर आत उकलण्यासारखं काही उरतच नाही. पबमधून किंवा रीसायकलिंगच्या डब्यातून आलेल्या, तळाशी बुरशी धरलेल्या बाटल्यांची गोष्ट निराळी. त्या मी आधी परकार्बोनेटला देतो, थोडाच वेळ. म्हणजे पावडरचा डबा माझ्याकडेही आहे, फक्त लेबलांसाठी तो उघडत नाही.

प्लास्टिकच्या चिकटपट्टीसारख्या लेबलांना दोन्ही द्रावणं सारखीच निरुपयोगी, कारण पाणी आत जातच नाही. तिथे बाटली आधी कोमट पाण्याने विसळायची आणि मग आत कढत पाणी भरायचं. गार काचेवर एकदम उकळतं ओतलं तर ती तडकते. डिंक ऐकू लागला की एका कोपऱ्यापासून सावकाश सोलायचं. उरलेला चिकटा खोबरेल तेलाने निघतो, पण तेलाचा हात बाटलीच्या तोंडाला लागू देऊ नका. तेलाने बिअरचा फेस मरतो.

मँचेस्टर, ग्लासगो किंवा मऊ पाण्याच्या दुसऱ्या कुठल्या गावी असाल, किंवा तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, तर परकार्बोनेट घ्या आणि माझं ऐकू नका. पाणी कठीण आणि मागे चार हात परस असेल, तर अमोनियाची एक बाटली आणून बघायला हरकत नाही. एका बाटलीत बरेच टब होतात. पुण्या-मुंबईच्या वाचकांना परवान्याशिवाय घरी बिअर बनवायला १९४९ च्या दारूबंदी कायद्याने मनाईच आहे, पण कोकमाच्या आगळासाठी किंवा सरबतासाठी जुन्या बाटल्या मोकळ्या करायच्या असतील तर हीच द्रावणं चालतील. आधी घरातल्या गीझरचा नळ बघा. त्यावर पांढरं जमत असेल तर पावडर घेताना दोनदा विचार करा.