टिळकवाडीतल्या काकूंची मेस: महिना २,७०० रुपयांत दोन वेळचं पोटभर

बेळगावात खोली घेऊन शिकणाऱ्या आणि डोक्यावर हप्ते असलेल्या मुलामुलींसाठी हे लिहितेय. टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटाजवळच्या एका बोळात, घराच्या पुढच्या दोन खोल्यांत काकूंची मेस चालते. बाहेर पाटी नाही. दारासमोर सायकली आणि स्कूटी लावलेल्या दिसल्या की समजायचं, हीच. दोन वेळचं महिन्याला २,७०० रुपये, एक वेळचं १,५००, पैसे महिन्याच्या सुरुवातीला आगाऊ. माझं मत आधीच सांगते. बेळगावात यापेक्षा झणझणीत थाळी मिळेल, ऐसपैस जागाही मिळेल. पण कर्ज फेडायला काढलं असेल तर यापेक्षा कामाची जागा मला तरी सापडलेली नाही.

मी खानापूर तालुक्यातली. एम.कॉम. करते आणि कॉलेज सुटल्यावर एका टॅक्स कन्सल्टंटकडे एंट्रीचं काम करते. जूनमध्ये सगळं वहीत मांडलं तेव्हा देणं असं होतं: कर्ज देणाऱ्या एका ॲपचे १४,००० बाकी, मोबाईलचे १,६०० चे सहा हप्ते म्हणजे ९,६००, आणि मैत्रिणीकडून फीसाठी घेतलेले ५,०००. एकूण २८,६००. घरून यायचे ते आणि कामाचे मिळून जे हातात पडायचं, ते भाडं, हप्ते आणि खाणं यांतच संपायचं. भाडं कमी होणार नव्हतं, हप्ते तर नाहीच. उरलं खाणं. बँकेचं स्टेटमेंट काढून खाण्याच्या प्रत्येक नोंदीवर लाल खूण केली, बेरीज महिन्याला ६,७०० च्या आसपास आली.

ॲपच्या कर्जावर महिन्याला तीन टक्के व्याज होतं. आमच्या गावात याला शेकडा तीन म्हणतात, आणि कुणी शेकडा तीनने पैसे उचलले म्हटलं की घरची माणसं काळजीत पडतात. फोनवर तेच व्याज 'दिवसाला फक्त इतके रुपये' असं दाखवतात. वर्षाला ते ३६ टक्के होतं. शिवाय पैसे देतानाच प्रोसेसिंग फी आणि तिच्यावरचा १८ टक्के जीएसटी कापून घेतलेला. रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये डिजिटल कर्जांसाठी नियम केले, त्यांत कर्ज घेणाऱ्याला 'की फॅक्ट स्टेटमेंट' देणं बंधनकारक आहे. सगळ्या फी धरून वर्षाचा दर किती पडतो ते त्यात लिहिलेलं असतं. तुमचा तो कागद ॲपमध्ये नाहीतर ईमेलमध्ये असेल, शोधून नीट वाचा. १४,००० वर पहिल्या महिन्याचं नुसतं व्याज ४२० रुपये. रविवारी रात्री मेस बंद असते, म्हणजे महिन्यात साधारण ५६ जेवणं, एक जेवण ४८ रुपयांना. त्या हिशेबाने ४२० म्हणजे जवळजवळ नऊ जेवणं. हे असं मोजलं की व्याज पोटाला कळतं.

आता बाहेरच्या खाण्याचं. जेवण मागवायच्या ॲपवर १४० रुपयांचा व्हेज पुलाव हातात पडेपर्यंत २०० च्या पुढे जातो. पॅकिंग, डिलिव्हरी, प्लॅटफॉर्म फी, वर जीएसटी. पण भाव हा त्यातला लहान भाग आहे असं मला वाटतं. काम संपवून साडेआठला खोलीवर आल्यावर भूक लागलेली असते, रूममेट विचारते "काय मागवूया?", आणि तिथून पुढचं सगळं बोटाच्या टोकावर होतं. मेसचे पैसे पहिल्या तारखेलाच दिलेले असतात. रात्री खिशाकडे बघायचंच नाही, मेसकडे चालू लागायचं. बाहेर खाल्लं तर दिलेले ४८ वाया गेले हे डोक्यात असतं, आणि तेवढं पुरतं. मी काकूंना रोख देते. पगार खात्यात आला की त्याच दिवशी एटीएममधून काढायचे, सरळ बोळात जायचं, मग बाकीची कामं.

या मेसचा खरा गुण म्हणजे खाडा, म्हणजे न जेवलेल्या वेळेचे पैसे वळते करणं. ज्यांनी बेळगावात मेस बदलल्यात त्यांना ठाऊक आहे, बऱ्याच ठिकाणी सलग तीन दिवस नसलात तरच खाडा धरतात. शनिवार-रविवार गावाला जाणाऱ्यांचं त्यात दर आठवड्याला नुकसान. काकू एका जेवणाचाही खाडा धरतात. सकाळचा असेल तर आदल्या रात्री सांगायचं, रात्रीचा असेल तर दुपारी जेवताना. एका जेवणाचे ३५ रुपये पुढच्या महिन्यात वळते करतात. पूर्ण ४८ नाहीत, आणि ते मला रास्त वाटतं. गॅस पेटतोच, भाजी निवडणाऱ्या बाईंना पगार द्यावाच लागतो.

प्रत्येकाचं एक गुलाबी कार्ड असतं. एक ते एकतीस तारखांचे चौकोन, वरची ओळ सकाळची, खालची रात्रीची. काकूंची सून दाराशी स्टुलावर बसते, जेवून उठलं की त्या चौकोनात निळी फुली मारते. खाड्याच्या चौकोनात लाल पेनने 'खा' लिहिते आणि आपल्याला सही करायला लावते. कार्डाच्या मागे आगाऊ किती दिले, मागचे खाडे किती, शिल्लक किती, तीन रकाने. महिनाअखेर ती कॅल्क्युलेटर न घेता बेरीज करते आणि कार्ड आपल्यासमोर फिरवते, तपासून घ्या म्हणून. मी दिवसभर दुसऱ्यांच्या हिशेबांच्या नोंदी करते, आणि हे कार्ड मला त्यांतल्या कित्येकांपेक्षा चोख वाटतं. घरी मी याच धर्तीवर वहीत रकाने आखले: आले, गेले, कुणाचं किती उरलं.

शुक्रवारी रात्री मी सांगते, "काकू, उद्या रात्रीचा आणि परवा सकाळचा खाडा धरा, गावाला चाललोय." त्या विचारतात, "आईला बरं हाय काय गं? येताना पापड घेऊन ये की, आपल्याकडचे संपल्यात." पापडांचेही पैसे त्या कार्डावर वळते करतात, फुकट घेत नाहीत.

जेवणाचं सांगते. सकाळचं म्हणजे दुपारी साडेबारा ते अडीच चपाती, रात्री साडेसात ते साडेनऊ जोंधळ्याची भाकरी. भाकरी थापलेली असते, लाटलेली नाही. आत चुलीवर नव्हे, मोठ्या गॅसच्या शेगडीवर भाजतात, पण तव्यावरून काढून तिथेच निखाऱ्यासारख्या लाल जाळीवर उभी धरतात, तिचा पापुद्रा टम्म फुगतो आणि ताटात पडल्यावर वाफ निघते. भाकरी हवी तितकी. एक सुकी भाजी, एक आमटी किंवा उसळ, भात, ताक, आणि शेंगदाण्याची चटणी वाटीभर मधे ठेवलेली, आपण घ्यायची. मसुराची आमटी असते त्या दिवशी गर्दी जास्त. शहापूर-वडगाव-येळ्ळूरच्या शिवारातली मसूर बारीक असते आणि शिजल्यावर गळून जात नाही. काकू तिला कांदा-खोबऱ्याचं भाजलेलं वाटण लावतात आणि वरून कोथिंबीर सढळ हाताने. तांदूळ इंद्रायणी, मऊ भात, आमटीबरोबर छान जमतो. बुधवारी रात्री अंड्याची आमटी, रविवारी सकाळी चिकन. शाकाहारी मुलांना त्या वेळी पनीर नाहीतर वाटाणा-बटाटा. श्रावणात सगळंच शाकाहारी. अमावस्येला पुरणपोळी.

बैलहोंगल आणि गोकाककडची मुलंही इथे जेवतात. काकू त्यांना कानडीत "ऊटा आतेन?" विचारतात आणि आमच्याकडे वळून "तू जेवलीस काय?" म्हणतात. एकाच बाकावर दोन्ही भाषा चालू असतात. नवी मुलगी एकटी बसली तर काकू तिला कुणाच्या तरी शेजारी आणून बसवतात. घर सोडून आलेल्यांना याचं मोल वेगळं सांगायला नको.

उणिवा आहेत. कोबी आठवड्यातून फार वेळा येतो. नवलकोल, ढबू मिरची, पावटा हे बाजारात स्वस्त असतात तेव्हाच दिसतात. सोमवारची तूरडाळ पातळ असते. बाक कमी आहेत, साडेआठला गेलात तर उभं राहून वाट बघावी लागते. आठच्या आत किंवा नऊनंतर जा. हात धुवायला एकच नळ. आणि सगळ्यात मोठी उणीव म्हणजे रविवारची रात्र. काकूंनाही सुट्टी हवीच, त्याबद्दल तक्रार नाही, पण ज्याला खर्च आवरायचा आहे त्याच्यासाठी आठवड्यातली हीच वेळ धोक्याची. मी गावाहून येताना भाकऱ्या आणि कांद्याची चटणी बांधून आणते. गावी जाणं झालं नाही तर खोलीतल्या छोट्या कुकरमध्ये मूगडाळीची खिचडी. त्याची तयारी शनिवारीच करून ठेवा. रविवारी रात्री आठला कुणी डाळ विकत आणायला जात नाही.

मेसला नाष्टा नसतो. कॉलेजच्या कँटीनपेक्षा कर्नाटक सरकारचं इंदिरा कँटीन परवडतं, तिथे ५ रुपयांत नाष्टा आणि १० रुपयांत जेवण. सकाळी इडली नाहीतर उप्पीट खाऊन लेक्चरला जाता येतं. येण्याजाण्याचा खर्च आम्हा मुलींना तसाही राहिलेला नाही. ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेत कर्नाटकातल्या बायकांना साध्या सरकारी बसचा प्रवास मोफत आहे. आधार कार्ड दाखवलं की कंडक्टर शून्याचं तिकीट देतो. खानापूर ते बेळगाव मी तशीच ये-जा करते. वर्गातल्या मुलांना मात्र पास काढावा लागतो, त्यांनी हिशेब मांडताना तो धरावा.

मेसचे २,७०० आणि नाष्टा, रविवारची रात्र, कधीतरी चहा यांचे ७०० धरून खाणं ३,४०० वर आलं. ६,७०० मधून ३,३०० सुटले. हे सगळे मी ॲपच्या कर्जात घातले, चालू १,४०० च्या हप्त्यावर जादा, कारण व्याज तिथेच होतं. मोबाईलच्या हप्त्यांवर वेगळं व्याज नव्हतं, ते आपल्या चालीने चालू दिले. मैत्रिणीला स्पष्ट सांगितलं की तुझे ॲपनंतर देते, तिने "असूदे की, घाई न्हाई" म्हटलं. चौथ्या महिन्यात ॲपचं कर्ज मिटलं, पाचव्यात मैत्रिणीचे दिले, सहाव्यात मोबाईलचा शेवटचा हप्ता गेला. जादा भरण्याआधी एक बघून घ्या. काही कर्जांत मधे जादा भरलेले पैसे मुदलात धरत नाहीत, पुढच्या हप्त्यासाठी ठेवून देतात. काहींत मुदतीआधी बंद करण्याची फी असते. ही फीही त्याच की फॅक्ट स्टेटमेंटमध्ये असते, आणि जादा भरणा कुठे धरला जातो ते कस्टमर केअरला लेखी विचारा.

कर्ज फिटल्यावर 'नो ड्यूज'चं, म्हणजे काही देणं बाकी नाही असं पत्र मागून घ्या आणि क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे आपल्या कर्जांची आणि फेडीची नोंद, काढा. सिबिल, एक्सपिरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क या चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट मोफत द्यायचा असतो. खातं 'क्लोज्ड' दिसतंय का ते पाहायचं. उद्या एज्युकेशन लोन नाहीतर घरच्यांच्या पीक कर्जाला जामीन राहायची वेळ आली तर बँकेत पहिल्यांदा हेच बघतात.

ज्यांची शिफ्ट रात्री दहाला सुटते त्यांनी ही मेस घेऊ नये, दार साडेनऊला बंद होतं आणि काकू डबा भरून ठेवत नाहीत. ज्यांना रोज वेगळी भाजी लागते त्यांनीही नको. उद्यमबागेत किंवा मच्छेला राहणाऱ्यांना रोज दोनदा येणं परवडणार नाही, त्यांनी आपल्या भागातली मेस बघावी. पैसे देण्याआधी खाड्याचा नियम मात्र तोंडावर विचारून घ्या, एका जेवणाचा धरता की नाही आणि किती रुपये वळते करता. बाकी टिळकवाडी, अनगोळ, आरपीडी क्रॉसच्या आसपास राहणाऱ्यांनी एकदा ६० रुपये देऊन गेस्ट म्हणून जेवून पाहावं. मसुराच्या दिवशी गेलात तर बरं. जून-जुलैमध्ये जागा लवकर भरते आणि काकू ठरलेल्या संख्येच्या वर कार्ड देत नाहीत, तेव्हा महिना संपायच्या चार दिवस आधी जाऊन नाव लिहून या.