पहिल्या वाढदिवसाला काय घ्यायचं: बॅटरीचं, लाकडी की ठोकळे?

बाळ वर्षाचं होतंय, हजारेक रुपये बजेट आहे, काय घेऊ, हा मामा-मावशी-आत्या मंडळींचा दरवेळचा प्रश्न. माझं मत आधीच सांगून टाकते, खेळणं स्वतः जितकं कमी काम करेल तितकं बाळ जास्त करतं, त्यामुळे गाणी म्हणणारं, दिवे लागणारं बॅटरीवालं माझ्या यादीत सगळ्यात शेवटी.

तसं ते वाईट नाही हो, पहिल्या दिवशी बाळ जाम खूश असतं. पण बटण दाबलं की गाणं, परत दाबलं की परत तेच गाणं, आणि बडबड खेळणंच करतंय म्हटल्यावर घरातले पण गप्प बसतात. 2016 मध्ये अमेरिकेतला एक छोटा अभ्यास आला होता, 10 ते 16 महिन्यांची 26 बाळं आणि त्यांचे आईबाबा, त्यात इलेक्ट्रॉनिक खेळणी समोर असताना आईबाबा सगळ्यात कमी बोलले आणि पुस्तकं असताना सगळ्यात जास्त. 26 म्हणजे काही फार नाही, पण घरोघरी हेच दिसतं. घेणारच असाल तर बॅटरीच्या झाकणाला स्क्रू आहे का ते बघाच, ती बटणासारखी चपटी बॅटरी गिळली गेली आणि अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांत आतून भाजायला लागतं, त्यामुळे नखाने उघडणारं झाकण असेल तर सरळ ठेवून द्या.

लाकडी खेळण्यांत पहिली पसंती कर्नाटकातल्या चन्नपट्टणची. लेथवर फिरवलेलं लाकूड, त्यावर लाखेचा रंग, सगळं गोल गुळगुळीत, कोपरा लागत नाही. सावंतवाडीच्या चितार आळीत पण मस्त माल मिळतो, फक्त तिथली ती खऱ्यासारखी दिसणारी फळं शोकेसमध्ये शोभतात, या वयात सगळं तोंडात जातं त्यामुळे कुठला रंग लावलाय ते विचारून घ्या. घरी आणल्यावर ओला पांढरा रुमाल जोरात घासायचा, रंग उतरला तर बाळाच्या हातात द्यायचं नाही. आणि ISI चा घोळ: 1 जानेवारी 2021 पासून भारतात खेळण्यांना ISI मार्क सक्तीचा आहे, पण नोंदणी केलेल्या कारागिरांच्या हस्तकलेच्या खेळण्यांना त्यातून सूट आहे. म्हणजे प्लास्टिकवर मार्क नसेल तर नको, लाकडीवर नसेल तर लगेच नाक मुरडू नका.

आता वॉकर. हा हमखास कोणीतरी आणतंच. त्यात बाळ लटकल्यासारखं बसतं, चवड्यांनी ढकलतं, स्वतःचे पाय त्याला दिसत नाहीत, आणि एका झटक्यात जिन्यापाशी नाहीतर गरम चहाच्या कपापाशी. चालायला लवकर शिकतं वगैरे काही नाही. कॅनडात तर 2004 पासून विक्रीवरच बंदी आहे. त्यापेक्षा आपला पांगुळगाडा शंभरपट बरा, बाळाला स्वतः उभं राहावं लागतं, दांडी धरावी लागते, तोल सांभाळावा लागतो, थांबलं की गाडा पण थांबतो. एकच भानगड, गुळगुळीत टाइल्सवर हलका गाडा पुढे पळतो आणि बाळ मागे तोंडावर पडतं, म्हणून तीन चाकांच्या साध्या गाड्यापेक्षा पुढे खोका असलेला बघा, त्यात दोन किलो तांदळाची पिशवी ठेवली की गाडा दमानं जातो.

ठोकळे सगळ्यात जास्त वर्षं टिकतात. वर्षाचं बाळ काही घर बांधणार नाही, तुम्ही रचायचं आणि त्याने पाडायचं, डब्यात टाकायचं, परत ओतायचं, हाच खेळ आणि तो पुरे आहे. मोठेच घ्या, डुप्लो म्हणजे लेगोचेच लहानग्यांसाठीचे ठोकळे, ते साध्या लेगोच्या दुप्पट लांब-रुंद-उंच असतात, खोक्यावर दीड वर्षापासून लिहिलेलं असतं पण तेवढं थांबायला काय जातंय. तीन वर्षांच्या आत टॉयलेट रोलच्या पुठ्ठ्याच्या नळीतून आरपार जाईल असा कुठलाही तुकडा नको, यात भातुकलीची बारकी भांडी पण आली.

बाळ धरून उभं राहतंय तर पांगुळगाडा, अजून रांगतंय तर ठोकळे. आणि घेण्याआधी आईला एक फोन करा, दोन वॉकर आधीच येऊन पडलेले असतात.